तार शाबूत, संपर्क तुटलेला

घरातले दोन संगणक एकमेकांना दिसेनासे झाले की बहुतेकांचा हात आधी केबलकडे जातो. राउटर बंद करून पुन्हा चालू होतो, वाय-फाय बदलून पाहिले जाते, आणि तरीही दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरचे फोल्डर उघडले नाही तर सगळा दोष यंत्राच्या माथी मारला जातो. या सवयीमागे एक गृहीतक असते, की संपर्क तुटला म्हणजे वाट तुटली. दूरसंपर्काचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. वाट तुटणे हा त्यातल्या त्यात सोपा बिघाड आहे. अवघड बिघाडात वाट धड असते, पण दोन टोकांमधला करार मोडलेला असतो किंवा मुळात झालेलाच नसतो. या करारात चार गोष्टी येतात: निरोप कोणाकडे जायचा, आणणाऱ्याची ओळख कशी पटवायची, खुणांचा अर्थ काय लावायचा आणि पोचल्याची पावती कशी मिळायची. हे पडताळून पाहायला १८५७ च्या लखनौइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. त्या एका शहरात वर्षभराच्या आत विजेची तार, कासीद, खांबांवरचे हलते हात आणि सैन्यामागून ओढत नेलेली तार अशी संपर्काची चार साधने वापरली गेली. यांतले प्रत्येक साधन कशावर तगले आणि कुठे अडले, हे त्या काळच्या नोंदींतून बऱ्यापैकी कळते.

हिंदुस्थानातली तार तेव्हा अगदी नवी होती. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये पहिला प्रयोग केला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही छोटी लाइन चालू झाली. नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठ्या लाइनचे काम सुरू झाले आणि मार्च १८५४ मध्ये ती आग्र्याला पोचली. फेब्रुवारी १८५५ पासून मुंबई, मद्रास, कलकत्ता आणि आग्रा यांना जोडणारी तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. वादळ, माकडे, कुजणारे खांब आणि नद्यांची पात्रे यांच्यामुळे ही तार वरचेवर बंद पडे. त्यामुळे तारखात्याच्या माणसांना निरोप पाठवण्याइतकेच दोष शोधण्याचेही काम शिकावे लागले. या कामाचा सर्वांत ठळक दाखला दिल्लीचा आहे. १० मे १८५७ रोजी, रविवारी, मेरठची तार मुकी झाली. यमुनेच्या पात्रातून गेलेली केबल पूर्वीही दगा देत असे, म्हणून पहिला संशय तिच्यावरच आला. दिल्लीच्या तार कचेरीचे प्रमुख चार्ल्स टॉड यांनी ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोघा सहायकांना नदीपलीकडे पाठवले. तिथून दिल्लीशी बोलणे झाले, मेरठशी मात्र झाले नाही. म्हणजे केबल ठीक होती आणि दोष पलीकडच्या बाजूला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः दुरुस्तीला निघाले आणि मारले गेले. दोष नेमका कुठे आहे हे आदल्या संध्याकाळीच कळले होते. तो का आहे, हे मात्र त्या तपासणीतून कळणे शक्य नव्हते. तार अचूक वाचली गेली, पण तिच्या पलीकडे उठाव झाला आहे हे तारेने सांगितले नाही.

दिल्लीच्या या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. दोन टोकांच्या मधली एक जागा निवडायची, तिथून दोन्हीकडे हाक मारायची, आणि ज्या बाजूने उत्तर येते ती बाजू निर्दोष समजून संशयाचे क्षेत्र अर्ध्यावर आणायचे. घरातल्या नेटवर्कमध्ये आजही हेच केले जाते. संगणक आधी स्वतःला हाक मारतो, मग राउटरला, मग पलीकडच्या संगणकाला. या हाकेला पिंग म्हणतात. अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारवरून त्याचे नाव ठेवले. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी व्हॅन जेकबसन यांचा ट्रेसराउट आला. निरोप वाटेतल्या कोणकोणत्या मुक्कामांवरून जातो हे तो दाखवतो. मूस यांनी दिल्लीच्या तार कचेरीची हकिगत वाचली होती असा दावा इथे नाही. अडचण एकाच जातीची असली की वेगवेगळ्या काळातली माणसे एकाच उपायाशी येऊन ठेपतात, एवढेच म्हणायचे आहे. म्हणूनच जुन्या उपायांच्या मर्यादा आजच्या उपायांनाही लागू पडतात.

लखनौत या मर्यादा लगेच उघड झाल्या. फेब्रुवारी १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले आणि मार्च १८५७ मध्ये हेन्री लॉरेन्स तिथे मुख्य आयुक्त म्हणून आले. मे महिन्यात गव्हर्नर जनरलकडे पूर्ण लष्करी अधिकार मागणारी त्यांची तार कलकत्त्याला गेली आणि होकार त्याच मार्गाने परत आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात कानपूरला उठाव झाला, नानासाहेब पेशव्यांनी तिथे सत्ता घेतली आणि लखनौला बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवाच नाहीसा झाला. ३० जूनला चिनहटच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि लगोलग इंग्रजांच्या रेसिडेन्सीला, लखनौच्या भाषेत बेलीगारदला, वेढा पडला. २ जुलैला लॉरेन्स तोफगोळ्याने जखमी झाले आणि दोन दिवसांनी वारले. तार कुठे तुटली हे आता सगळ्यांना ठाऊक होते, पण त्या ज्ञानाचा उपयोग उरला नव्हता. तुटलेली तार जोडायला जाण्याइतकीही जमीन ताब्यात नव्हती. काही वृत्तांतांत तर तारेचे तुकडे बंदुकीच्या गोळ्यांऐवजी वापरले गेल्याचे नोंदले आहे.

तारेची जागा माणसाने घेतली, आणि आतापर्यंत तारेच्या आड राहिलेले करारातले प्रश्न उघड्यावर आले. अंगद नावाचा पेन्शनर शिपाई रेसिडेन्सी आणि तिच्या मदतीला निघालेले हॅवलॉकचे सैन्य यांच्यात निरोप नेऊ-आणू लागला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा आत आला तेव्हा त्याच्याजवळ फक्त तोंडी बातमी होती, आणि आतल्या काहींनी ती खरी मानली नाही. वाट पूर्ण झाली होती, माणूस गोळीबारातून सुखरूप आला होता, तरी संपर्क झाला असे म्हणता येत नव्हते, कारण त्याच्या बोलण्याला पुरावा नव्हता. काही दिवसांनी तो हॅवलॉकच्या सैन्यातल्या कर्नल टायटलरचे पत्र घेऊन आला तेव्हा भरवसा बसला. पिसाच्या नळीत गुंडाळून ठेवलेल्या अशा पत्रांचा काही मजकूर ग्रीक अक्षरांत लिहीत असत. पत्र शत्रूच्या हाती पडलेच तर वाचता येऊ नये हा त्यामागचा हिशेब. ते लखनौत वाचले जाई, कारण दोन्ही टोकांना एकाच शिक्षणातून आलेले अधिकारी होते. आणि ओळख व खूण दोन्ही जुळूनही एक उणीव राहिलीच. कुमक पाच-सहा दिवसांत पोचेल असे टायटलरच्या पत्रात होते. हॅवलॉक आणि आउटरम हे सेनानी रेसिडेन्सीत शिरले ते २५ सप्टेंबरला, म्हणजे दोन महिन्यांनी. निरोप बिनचूक पोचला, पण पोचेपर्यंत आणि पोचल्यावर परिस्थिती बदलत राहिली. पावती परत नेऊन नवी स्थिती आणणारा माणूस पुन्हा निघाला नाही, तर आधीचा खरा निरोपही खोटा ठरतो. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पानिपतच्या पराभवाची पहिली वार्ता त्या काळच्या नानासाहेब पेशव्यांना (कानपूरच्या नानासाहेबांना नव्हे) सावकारी पत्रातून मिळाली, असे परंपरा सांगते. त्या पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हानीचा हिशेब होता. मधल्या मुलखात ते कुणी उघडले असते तर व्यापारातले नुकसान एवढेच वाचले असते. अर्थ कळायला पुण्याच्या दरबारातली माणसे कोण आणि कुणाची किंमत काय, हे आधीच माहीत असावे लागत होते.

सप्टेंबरच्या कुमकेने वेढा उठला नाही. आलेले सैन्यही आतच अडकले आणि त्यांची एक तुकडी शहराच्या दक्षिणेला, कानपूर रस्त्यावरच्या आलमबागेत वेगळी पडली. रेसिडेन्सीपासून आलमबाग सुमारे चार मैल. मध्ये संपूर्ण शहर विरोधात, पण गच्चीवरून नजर पोचत होती. तेव्हा दोन्ही ठिकाणी खांब उभारून त्यावर हलते हात बसवण्याचे ठरले. फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात हे तंत्र आले होते आणि कलकत्ता ते चुनार अशी मनोऱ्यांची ओळ हिंदुस्थानातही एकेकाळी उभी राहिली होती. तरी वेढ्यातल्या लोकांना ते करून पाहण्याचा अनुभव नव्हता. त्यांनी अवधचे अर्थ आयुक्त मार्टिन गबिन्स यांच्या ग्रंथसंग्रहातला ‘पेनी सायक्लोपीडिया’ काढला. सामान्य माणसाच्या ज्ञानवृद्धीसाठी लंडनहून १८३३ ते १८४३ या काळात निघालेल्या या स्वस्त कोशातल्या माहितीवरून खांब आणि खुणांची योजना तयार झाली. या प्रसंगातली खरी अडचण लाकूड आणि दोर जमवण्यात नव्हती. हाताची कोणती अवस्था म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता दोन्ही टोकांना एकसारखा हवा. आणि तो तक्ता खांबाच्या खुणांनी पाठवता येत नाही, कारण तो पोचेपर्यंत खुणांना अर्थच नसतो. म्हणजे नव्या, वेगवान वाटेचा पहिला करार जुन्या, संथ वाटेनेच, जीव धोक्यात घालून जाणाऱ्या माणसाच्या हातून पोचावा लागतो. घरात नवा फोन वाय-फायला जोडताना पासवर्ड कुणीतरी तोंडाने सांगतो किंवा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवरून वाचतो, त्यामागेही हीच सक्ती आहे.

आता घराकडे वळू. दोन संगणकांमधल्या तक्रारी नीट तपासल्या तर त्यांचा मोठा भाग सुरुवातीला सांगितलेल्या कराराच्या चार कलमांत बसतो. घरगुती जाळ्यात १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते बहुधा राउटर वाटतो. त्यासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांची मांडणी १९९६ पासून रूढ आहे. एक संगणक मुख्य वाय-फायवर आणि दुसरा पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असेल, तर दोघांनाही इंटरनेट मिळते, पण ते एकमेकांना सापडत नाहीत. हा पत्त्याचा आणि परवानगीचा दोष झाला. विंडोजला घरचे जाळे ‘पब्लिक’ वाटले, तर तो संगणक स्वतःला शेजाऱ्यांपासून लपवतो. हा ओळखीचा दोष. फोल्डर वाटलेले आहे पण पलीकडच्या संगणकावर त्या नावाचे खाते नाही, हाही ओळखीचाच. खुणांच्या दोषाचेही एक उदाहरण आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने फाइल वाटपाच्या एसएमबी पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून ती जुनी पद्धत नव्या संगणकांत आपोआप चालू राहीनाशी झाली. जुना प्रिंटर, जुने साठवण यंत्र किंवा जुना संगणक आणि नवा संगणक यांची केबल जोडलेली, पत्ते बरोबर, तरी बोलणे बंद. एका टोकाने जुना तक्ता फेकून दिला होता. अशा वेळी केबल दहा वेळा बदलून काहीही निष्पन्न होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल, की लढाईत तारा खरोखरच तोडल्या गेल्या आणि घरातही केबल खरोखर उंदीर कुरतडतात. मग वाटेच्या दोषाला गौण का ठरवायचे? गौण ठरवायचे नाही. वाटेचा दोष शोधण्याचे शास्त्र फार पुढे गेले आहे आणि करारातला दोष शोधण्याचे शास्त्र गेलेले नाही, हा इथला मुद्दा आहे. लखनौच्या वेढ्यानंतर अकरा वर्षांनी, १८६८ मध्ये, लुई श्वेंडलर हे जर्मन विद्युततज्ज्ञ हिंदुस्थानच्या तारखात्यात आले आणि त्यांनी लाइनी नियमितपणे तपासण्याची शिस्त लावली. तारेच्या चाचण्यांवरचे त्यांचे पुस्तक पुढे प्रमाण मानले गेले. व्हीटस्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुलाच्या मंडलाने कचेरीत बसल्या बसल्या तारेचा रोध मोजायचा, दर मैलाचा रोध आधीच ठाऊक असायचा, आणि भागाकार केला की दोष किती मैलांवर आहे ते कळायचे. टॉडला ज्यासाठी जीव गमवावा लागला, ते काम आकडेमोडीवर आले. आज साधे केबल परीक्षक यंत्र तुटलेली तार काही सेकंदांत दाखवते. ज्या दोषांसाठी यंत्रे आहेत त्यांच्याकडे लक्ष आधी जाते आणि ज्यांच्यासाठी यंत्र नाही ते उरतात. म्हणून तक्रारींच्या यादीत अवघड असे जे शिल्लक राहते, ते बहुधा कराराचे असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कासीदावर विश्वास ठेवायचा की नाही हा माणसाचा प्रश्न, यंत्राला संशय कशाला येईल? इथे यंत्र कुणी कशासाठी घडवले ते पाहावे लागते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या आणि १९८१ च्या मानकात स्थिरावलेल्या टीसीपी या संपर्कपद्धतीमध्ये बोलणे सुरू होण्यापूर्वी तीन निरोप ये-जा करतात. एक टोक हाक देते, दुसरे ती मिळाल्याचे सांगून स्वतःची हाक देते, आणि पहिले ती मिळाल्याची पावती देते. इतका विधी करण्याचे कारण हेच, की वाटेवर भरवसा ठेवता येत नाही हे रचनाकारांनी गृहीत धरले. अंगदाच्या फेऱ्यांमध्येही हेच तीन टप्पे होते. तो बातमी घेऊन आला, उत्तर घेऊन गेला, आणि पुन्हा आत आला तेव्हाच रेसिडेन्सीला आपले पत्र पोचल्याची खात्री पटली. फरक एवढाच, की दोन संगणकांमधले हे तीन निरोप सेकंदाच्या अंशात पार पडतात आणि अंगदाला काही रात्री लागल्या. संशय यंत्राचा नाही हे खरे, पण तो यंत्रात ज्याने लिहिला त्या माणसाचा आहे, आणि दोष शोधणाऱ्याने त्या माणसाचा हेतू वाचला नाही तर त्याला यंत्र लहरी वाटते.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे. हा वृत्तांत कंपनीच्या बाजूने लिहिला गेला. त्यात तार तोडणारे खलनायक आणि जोडणारे नायक होतात. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा विचार केला की युक्तिवाद आणखी भक्कम होतो. रेसिडेन्सीला वेढा घालणाऱ्यांच्या दृष्टीने तार तुटणे हा बिघाड नव्हता. तो त्यांचा बंदोबस्त होता. चौकी-पहारे, नाकी आणि अडवणूक यांची व्यवस्था जितकी चोख, तितका आतल्यांचा संपर्क कमी. ९ नोव्हेंबर १८५७ च्या रात्री लखनौतला कारकून थॉमस हेन्री कॅव्हनॉ वेषांतर करून कन्नौजीलाल या निरोप्याबरोबर रेसिडेन्सीतून निघाला. वाटेत पहाऱ्यांनी अडवले तेव्हा बोलण्याचे काम मुख्यतः कन्नौजीलालने केले, कारण त्याची बोली आणि वागणे पहारेकऱ्यांना ओळखीचे होते. नवी कुमक घेऊन आलेल्या कॉलिन कॅम्पबेलपुढे मात्र उलटे झाले. तिथे कॅव्हनॉला पागोट्यात दडवलेली आउटरमची चिठ्ठी काढून आपण कोण ते सिद्ध करावे लागले. १० तारखेला आलमबागेवर निशाण चढले आणि रेसिडेन्सीला तो पोचल्याची पावती मिळाली. कॅव्हनॉला पुढे व्हिक्टोरिया क्रॉस दिला गेला. कन्नौजीलालचे नाव आज फारच थोड्यांना आठवते, आणि इतिहासाचा हा कलही वर सांगितलेल्या सवयीचाच भाग आहे. वाट कापणारा दिसतो, ओळख पटवणारा दिसत नाही. घरात पहाऱ्याचे काम फायरवॉल करते. ती पिंगला उत्तर देत नाही तेव्हा ती बिघडलेली नसते, तिला नेमून दिलेले काम ती करत असते. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती पहिल्यांदा मुळातच चालू ठेवली, आणि अनेक घरांत काल चाललेले फाइल वाटप दुसऱ्या दिवशी थांबले. तेव्हा पिंगला उत्तर नाही म्हणजे संगणक बंद, असा निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि पिंगला उत्तर आले म्हणजे सगळे ठीक, हाही तितकाच चूक.

मौनाचा अर्थ लावण्याचे धोके लखनौने आणखी एकदा दाखवले. नोव्हेंबरात कॅम्पबेलने रेसिडेन्सीतल्या लोकांना बाहेर काढले, तेव्हा कानपूरहून काही दिवस बातमी आली नव्हती. त्या शांततेचा अर्थ सुरळीत असाही लागू शकत होता. प्रत्यक्षात तात्या टोपे आणि ग्वाल्हेरचे सैन्य कानपूरवर चालून आले होते. परतीच्या वाटेवर तोफांचा आवाज ऐकू आल्यावर परिस्थिती कळली. मार्च १८५८ मध्ये कॅम्पबेल लखनौ घ्यायला पुन्हा आला तेव्हा तो हा धडा विसरला नव्हता. लेफ्टनंट पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्या माणसांनी सैन्यापाठोपाठ तार ओढत आलमबाग आणि दिलकुशापर्यंत आणली, म्हणजे कानपूर गप्प झाले तर ते लगेच कळेल. याच स्ट्युअर्ट यांच्या देखरेखीखाली १८६४ मध्ये इराणच्या आखातातली केबल टाकली गेली आणि त्यानंतर हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला.

भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिने घालून दिलेला तपासणीचा क्रम वापरात आहे आणि तो अर्धाच वापरला जातो. अर्धे करत जाण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या पुढचे चार प्रश्न विचारायचे राहून जातात: दोघांचे पत्ते एकाच जाळ्यातले आहेत का, एकाने दुसऱ्याला आत घेण्याची परवानगी दिली आहे का, दोघे एकच पद्धत बोलतात का, आणि निरोप पोचल्याची खूण पाठवणाऱ्याला परत मिळते का. केबल बदलण्याआधी हे प्रश्न विचारले तर पुष्कळ वेळा बाजारात जाण्याची गरज पडत नाही. आणि केबल बदलूनही काम झाले नाही तर, दोष कुठे आहे हे नव्याने शोधण्यापेक्षा, दोन टोकांनी एकमेकांशी काय ठरवले होते ते आधी तपासावे.